उरलेले अठ्ठेचाळीस

दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप गेल्या गणपतीत कुणीतरी सुरू केला. पहिला दिवस जुने फोटो, कोण कुठे असतं आणि कुणाच्या डोक्यावर किती केस उरलेत यात गेला. दुसऱ्या दिवशी एका नव्या नंबरची भर पडली आणि मिनिटभरात मेसेज आला, 'अरे, कॅसेट आली का?' त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली. सतरा होते. त्यातला एक माझा.

कॅसेट म्हणजे आमच्या वर्गातला एक मुलगा. वडील पोस्टात, बदली होऊन तालुक्याला आलेले, त्यामुळे हा सातवीत मध्येच दाखल झाला. अडखळत बोलायचा. पहिल्याच आठवड्यात मराठीच्या तासाला सरांनी त्याला धडा वाचायला उभं केलं आणि तो 'प'वर अडकला. मागच्या बाकावरून आवाज आला, 'कॅसेट अडकली, पेन्सिल घाला!' टेपरेकॉर्डरच्या काळातला विनोद होता, आम्हाला तो भलताच आवडला. सगळा वर्ग हसला. सरांनी पुस्तक तोंडासमोर धरलं, पण त्यांचे खांदे हलताना आम्हाला दिसत होते.

त्या खांद्यांनी परवाना दिला. पुढची चार वर्षं त्या मुलाला नाव नव्हतं. डब्यात पेन्सिल, दप्तरात पेन्सिल, सायकलच्या स्पोकमध्ये पेन्सिल. हजेरीला 'हजर' म्हणताना 'ह' अडायचा म्हणून तो नुसता हात वर करायला लागला, तर बाकीच्यांनीही हात वर करायला सुरुवात केली. खो-खोत त्याला कुणी खो देत नसे, तो पाटीवर पाठमोरा बसलेला असायचा आणि त्याच्याकडचा खो नेमका पुढच्याला जायचा. कुणी त्याला मारल्याचं मला आठवत नाही. म्हणूनच की काय, इतकी वर्षं मी या प्रकाराला 'चिडवाचिडवी' म्हणत आलो. हा शब्द जरा तपासून पाहण्यासारखा आहे. चिडवाचिडवीत दोन्हीकडून चिडवणं असतं. इथे ते एकीकडूनच होतं.

मराठीत यासाठी नेमका एक शब्द नाही. छळ म्हटलं की सासुरवास आठवतो, रॅगिंग म्हटलं की वसतिगृह, खोड्या म्हटलं की गोड वाटतं. दादागिरी जवळचा, पण त्यात गल्लीतला टगा डोळ्यांसमोर येतो आणि दादा हा घरातल्या आधाराचा शब्द त्यात विनाकारण बदनाम होतो. 'बुलिंग' हा शब्द आता शाळांच्या परिपत्रकांतून मुलांच्या तोंडी आला आहे, तो राहू द्यावा.

स्कँडिनेव्हियातही शब्दाची अशीच अडचण होती. पेटर-पॉल हाइनेमान नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी १९६९ च्या सुमारास 'मॉबिंग' हा शब्द शाळेच्या अंगणात आणला. तो त्यांना प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांच्या लिखाणात सापडला होता. पक्ष्यांचा थवा एकट्या शत्रूवर तुटून पडतो, त्याला हे नाव. आपल्याला ते सांगायला पुस्तक नको. दिवसा चुकून बाहेर दिसलेल्या घुबडामागे कावळे कसे लागतात, हे गावाकडच्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे.

दान ओल्वेउस यांना मात्र हा शब्द पटत नव्हता. ते मानसशास्त्रज्ञ, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वीडनमधल्या शाळकरी मुलांचा अभ्यास सुरू केला आणि पुढे नॉर्वेतल्या बर्गन इथे राहिले. त्यांचं म्हणणं असं, की 'थवा' म्हटलं की जबाबदारी कुणाचीच राहत नाही. वर्गात रोज त्याच एका मुलामागे लागणारी एक-दोन ठरावीक मुलं असतात, त्यांच्याकडे बघा. बुलिंगची जी व्याख्या आज जगभर वापरतात, तिचा पाया त्यांचाच आहे. मुद्दाम दुखावणं, पुन्हापुन्हा दुखावणं आणि दोघांच्या ताकदीत फरक असणं. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. बरोबरीच्या दोघांचं जुंपलं तर ते भांडण, त्यात शिक्षकांनी 'हात मिळवा पाहू' म्हटलेलं चालतं. जिथे एकाची कायम सरशी ठरलेली आहे, तिथे हात मिळवायला लावणं म्हणजे मार खाणाऱ्याला वर्गासमोर शरण जायला लावणं. आपल्याकडच्या बहुतेक शाळांत आजही हाच उपाय चालतो.

१९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत १० ते १४ वर्षांच्या तीन मुलांनी जीव दिला. सोबत्यांनी केलेला छळ हे त्याचं कारण असावं असं पुढे आलं आणि देश हादरला. १९८३ मध्ये सरकारने देशभर मोहीम काढली. ओल्वेउस यांनी बर्गनच्या ४२ शाळांतल्या सुमारे २५०० मुलांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. मधल्या सुट्टीत मोठ्या माणसांनी अंगणात असायचं, वर्गाचे नियम मोजके आणि स्पष्ट ठेवायचे, प्रकार कळला की दोन्ही घरांशी आणि मुलांशी गंभीरपणे बोलायचं. छळ निम्म्यावर आला, असा त्यांचा निष्कर्ष होता. इतरत्र इतकं मोठं यश सहसा कुणाला मिळालं नाही, पण हा प्रकार कमी करता येतो हे पहिल्यांदा दिसलं.

ओल्वेउस यांनी आणखी एक काम केलं, सर्वमान्य समजुतींना टाचणी लावली. छळणाऱ्याला आतून न्यूनगंड असतो, हे आपण पालकसभांमधून ऐकत आलो आहोत. त्यांना तो आढळला नाही. वर्ग मोठा म्हणून दादागिरी जास्त, याचाही पुरावा त्यांना मिळाला नाही, म्हणजे साठ-सत्तरच्या वर्गावर सगळं ढकलायची आपली सोय गेली. चष्मा, जाडी, केसांचा रंग यांमुळे मुलं लक्ष्य होतात, हेही त्यांच्या आकड्यांत टिकलं नाही. वेगळेपणामुळे धोका वाढतो असं नंतरच्या अभ्यासांत काही बाबतींत दिसलं आहे, विशेषतः अपंगत्व असलेल्या मुलांबाबत. पण आधी सावज ठरतं आणि मग त्याचं व्यंग शोधलं जातं, हा क्रम मला आमच्या वर्गावरून खरा वाटतो. आमच्यात आणखी एक मुलगा तोतरा बोलायचा. त्याचे काका नगरसेवक होते. त्याला कुणी कॅसेट म्हटलं नाही.

आमचा पेन्सिलवाला कोण होता? मॉनिटर. खो-खोचा कॅप्टन, स्कॉलरशिपमध्ये आलेला, स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणारा. न्यूनगंड त्याच्या आसपास फिरकला नसता. अशी मुलं अनेकदा समोरच्याच्या मनातलं चांगलं ओळखणारी असतात, कुठे बोट ठेवलं की दुखेल हे त्यांना कळतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या शाळांमध्ये रॉबर्ट फॅरिस आणि डायन फेल्मली या समाजशास्त्रज्ञांनी मुलांच्या मैत्रीचं जाळं रेखून पाहिलं. २०११ मध्ये त्यांनी मांडलं, की मुलाचं वर्गातलं स्थान जसजसं वर जातं तसतसा त्याचा इतरांना होणारा त्रास वाढतो आणि अगदी टोकावरच्या दोन टक्क्यांत तो पुन्हा उतरतो. शिखरावर बसलेल्याला कुणाला ढकलायची गरज उरत नाही, ढकलाढकली जिन्यावर चालते. आणि जिना म्हटला की बघणारे आलेच. ज्याला कुणी हसणार नाही तो विनोद कोण करेल?

टोरांटोत डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग यांनी शाळेच्या मैदानांवर कॅमेरे लावले आणि मुलांच्या अंगावर बिनतारी मायक्रोफोन. त्या चित्रफितींवरून २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधातले आकडे असे: छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं तिथे हजर होती. कुणीतरी मध्ये पडलं १९ टक्के प्रसंगांत. आणि मध्ये पडल्यावर अर्ध्याहून अधिक वेळा, ५७ टक्के, तो प्रकार १० सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद म्हणजे 'अरे सोड ना त्याला, चल, बेल होईल' एवढं म्हणायला लागणारा वेळ. त्याच चमूने आधी बघ्यांच्या वेळेचाही हिशेब मांडला होता. निम्म्याहून जास्त वेळ ही मुलं नुसती बघत उभी होती, साधारण पाचवा हिस्सा वेळ छळणाऱ्याला सामील होती आणि पाव हिस्सा वेळ छळल्या जाणाऱ्याच्या बाजूने.

म्हणजे ओल्वेउस यांनी बाजूला सारलेला थवा परत आला. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये त्याची फोड केली. छळणारा आणि छळला जाणारा यांच्याखेरीज वर्गात हाताखालचे असतात, हसून-ओरडून इंधन घालणारे असतात, बाजूला सरकणारे असतात आणि थोडे पाठीशी उभे राहणारेही असतात. पन्नासच्या वर्गात दोघं सोडून उरलेली अठ्ठेचाळीस मुलं या चार खान्यांत कुठेतरी बसतात. आपण शाळेत तक्रार घेऊन गेलो की त्या दोघांबद्दलच बोलतो. एकाला समज, दुसऱ्याला समुपदेशन. उरलेल्या अठ्ठेचाळीसांना त्या दिवशी गृहपाठ मिळतो.

मग ही अठ्ठेचाळीस मुलं गप्प का? बहुतेकांना जे चाललंय ते आवडत नाही. पण शेजारचा हसतोय म्हणजे त्याला आवडतंय असं प्रत्येकाला वाटतं, आणि शेजाऱ्यालाही ह्याच्याबद्दल तेच वाटतं. शिवाय उद्या पाटी आपल्या गळ्यात येईल ही भीती. आपल्याकडे त्यात आणखी एक भर आहे. चहाडी. पहिलीपासून आपण मुलांना दोन गोष्टी एकाच श्वासात शिकवतो, खरं बोला आणि चहाड्या करू नका. 'सर, ह्याने माझा रबर घेतला' आणि 'सर, ते त्याला रोज मुतारीत कोंडतात' यांत फरक आहे हे सातवीच्या मुलाला कुणी सांगितलेलं नसतं. पहिल्यात कुणाला तरी अडकवायचं असतं, दुसऱ्यात कुणाला तरी सोडवायचं असतं. चुगलखोर हा शिक्का मात्र दोघांना सारखाच.

यात मुलांना वेगळं काढून दोष देणं मला अवघड जातं, कारण वाळीत टाकणं त्यांनी शोधून काढलेलं नाही. रायगड जिल्ह्यात गावकीने कुटुंबंच्या कुटुंबं वाळीत टाकल्याची प्रकरणं वर्षानुवर्षं गाजत होती. किराणा द्यायचा नाही, लग्नाला बोलवायचं नाही, पालखी दारावरून न्यायची नाही. अखेर महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, तो २०१७ मध्ये अमलात आला. देशातला अशा प्रकारचा तो पहिला सर्वसमावेशक कायदा म्हणून त्याचं कौतुक झालं. कौतुक ठीक आहे, पण तो पहिल्यांदा आपल्यालाच का लागला? आठवीतल्या मुलींनी एकीला ग्रुपमधून काढून तिच्याशिवाय दुसरा ग्रुप केला, तर ती गावकीच आहे, फक्त मोबाइलवरची.

आणि शिक्षकांचे हलणारे खांदे हाही काही आमच्याच शाळेचा किस्सा नाही. १९८६ मध्ये तोक्योतल्या नाकानो भागातल्या एका शाळेत तेरा वर्षांच्या मुलाचा छळ जपानभर गाजला, तो त्याच्या मृत्यूनंतर. वर्गमित्रांनी त्याच्या जिवंतपणीच त्याच्या अंत्यविधीचा खेळ मांडला होता. त्याच्या बाकावर श्रद्धांजलीचा कागद ठेवला होता, आणि त्यावर मुलांबरोबर चार शिक्षकांच्याही सह्या होत्या. त्यांना ती गंमत वाटली होती.

आपल्याकडे महाविद्यालयांपुरता कायदा बराच पुढे गेला आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. त्यातलं कमी वाचलं जाणारं कलम वेगळंच आहे: तक्रार येऊनही संस्थाप्रमुखाने कारवाई केली नाही, तर त्याने त्या गुन्ह्याला चिथावणी दिली असं धरलं जातं. खुर्चीत बसलेल्या बघ्याला बघ्या म्हणणारं कलम आहे हे. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी वरच्या वर्गातल्या मुलांच्या मारहाणीत गेला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले आणि २४ तासांची हेल्पलाइनही, १८००-१८०-५५२२. २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत जात, धर्म, रंग, प्रदेश, भाषा यांवरून केलेला छळही स्पष्ट लिहिला गेला. तरी मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेल्या. तडवी भिल्ल समाजातली ही तरुणी स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या वरिष्ठ डॉक्टरांवर ठेवला गेला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. वॉर्डात, ऑपरेशन थिएटरमध्ये, रुग्णांसमोर अपमान व्हायचा अशी घरच्यांची तक्रार होती. म्हणजे तिथेही बघणारे होते.

शाळांसाठी असा वेगळा कायदा देशात नाही. शिक्षणहक्क कायद्याचं १७ वं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करतं, पण त्याचा रोख शाळेकडून होणाऱ्या जाचावर आहे. सीबीएसईने २०१५ मध्ये शाळांना बुलिंगविरोधी समिती नेमायला सांगितलं. फलकावर समितीची यादी लागते, खाली फोन नंबर. जी मुलं चहाडीला भितात ती त्या फलकासमोर उभी राहून, सगळ्यांच्या देखत, तो नंबर उतरवून घेतील अशी कल्पना कुणी केली असेल?

माझी मावशी बत्तीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवत होती. तिच्याजवळ समिती नव्हती, तिची पद्धत होती. 'भांडण असलं की दोन आवाज येतात गं,' ती आईला सांगायची. 'पोरं हसतायत आणि एकाचा आवाजच येत नाही, असं झालं की मी खडू ठेवून बाहेर जाते.' मधल्या सुट्टीचा डबा ती स्टाफरूममध्ये खात नसे, जिन्याच्या वळणावर खुर्ची टाकून खायची. मुतारीकडे जाणारा रस्ता तिथूनच होता. छळणाऱ्या मुलाला ती वर्गात काही बोलत नसे, कारण वर्गासमोर ओरडा खाणं हा अशा मुलासाठी सत्कार असतो. वर्गातल्या दोन-तीन वजनदार मुलांना बोलवायची आणि एकेकाला सांगायची, 'आजपासून डबा त्याच्याशेजारी बसून खायचा. का ते विचारू नकोस, तुला माहीत आहे.'

फिनलंडचा 'किवा' कार्यक्रम वाचताना मला मावशी आठवत राहिली. फिनिश भाषेत किवा म्हणजे छान, आणि 'छळाविरुद्ध' या शब्दांच्या आद्याक्षरांतूनही तो शब्द बनतो. साल्मिवाल्ली यांच्या चमूने २००६ पासून तो उभा केला, २००७ पासून शेकडो शाळांत चिठ्ठ्या टाकून निवड करून तपासला आणि २००९ मध्ये तो देशभर नेला. त्यातले पर्यवेक्षक मधल्या सुट्टीत लांबून दिसतील अशी जाकिटं घालतात. वर्षभर वर्गात बघ्यांबद्दल तास होतात. तक्रार आली की तीन जणांचं पथक छळलेल्या मुलाशी आणि मग छळणाऱ्यांशी वेगवेगळं बोलतं. आणि वर्गशिक्षक त्या वर्गातल्या मान असलेल्या दोन-चार मुलांना बाजूला घेऊन विचारतो, तुम्ही ह्याच्यासाठी काय करू शकाल? जिन्याच्या वळणावरची खुर्ची, डब्याची सोबत, सगळं तेच. फक्त तिथे ते शिक्षकाच्या स्वभावावर सोडलेलं नाही.

हा रामबाण नव्हे. माध्यमिकच्या वरच्या वर्गांत त्याचा परिणाम क्षीण होतो. जगभरच्या कार्यक्रमांचा एकत्रित हिशेब मांडला तर छळ साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतो. शिवाय एक विचित्र गोष्ट दिसली आहे: वर्गातला छळ घटतो तेव्हा त्यातूनही जो एकटा उरतो त्याची अवस्था आधीपेक्षा वाईट होते. सगळ्यांनाच त्रास होता तोवर त्याला जग वाईट वाटत होतं, आता तो स्वतःला वाईट ठरवतो. ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा चालू आहे, त्यातल्या लहानपणी वारंवार छळ सोसलेल्यांत पन्नाशीतही नैराश्य आणि एकटेपणा जास्त आढळला. त्यामुळे 'मोठा झाला की विसरेल' हे कुणी म्हटलं तर मी आता वाद घालतो.

घरी काय करावं, हे मला लोक विचारतात. 'तू पण दे ना एक ठेवून' हे सगळ्यात आधी बंद करावं. ताकदीचा फरक हीच तर अडचण आहे, ठेवून देता आली असती तर त्याने तुम्हाला विचारलं नसतं. 'तूच काहीतरी केलं असशील' हे त्याहून वाईट, त्यानंतर मूल पुन्हा सांगायला येत नाही. तारखा, जागा, कोण हजर होतं, हे शांतपणे वहीत लिहून शाळेत जावं आणि समोरच्या पालकांशी फाटकात भांडू नये. मुलाचं खाणं-झोप बिघडली, शाळेच्या वेळीच रोज पोट दुखायला लागलं, तर थांबू नये. मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे नंबर फुकट लागतात. आपलं मूल छळणारं निघालं तर? बहुतेक घरांत हा प्रश्न येतच नाही, कारण तशी बातमी आली की आपण 'पोरंच ती' म्हणतो.

लहानपणी आमच्या गल्लीत लिंबूटिंबू नावाची सोय होती. डबा ऐसपैसला कुणाचा धाकटा भाऊ मागे लागला, कुणाला धावता येत नसलं, की त्याला लिंबूटिंबू घ्यायचं. त्याच्यावर राज्य येत नसे, पण तो खेळात असायचा. कुणा तज्ज्ञाने शिकवलं नव्हतं, खेळ मोडू नये म्हणून पोरांनीच काढलेली ती युक्ती. त्याच पोरांनी दुपारी शाळेत पेन्सिली घातल्या, यातलं एक खरं आणि एक खोटं असं मला ठरवता येत नाही.

तो दोन दिवसांत ग्रुप सोडून गेला. कुणी विचारलं नाही. महिन्याभराने मी त्याला फोन लावला, काय बोलायचं ते ठरवूनच. तो आता बँकेत आहे, मुलगी बारावीला आहे. मी माफीच्या आसपास काहीतरी पुटपुटलो, कॅप्टनचं नाव घेतलं.

'त्याचं काही नाही रे,' तो म्हणाला. 'तो तसाच होता. तू सकाळी घरापासून माझ्याबरोबर चालत यायचास. चांगलं बोलायचास. आणि फाटकाच्या अलीकडे ती पानाची टपरी होती ना, तिथे आलो की तुझी चप्पल तुटायची. तू वाकायचास, म्हणायचास, तू हो पुढे. चार वर्षं. रोज.'

बराच वेळ दोघंही गप्प होतो. मग तो म्हणाला, घरी ये एकदा, बायकोला सांगितलंय तुझ्याबद्दल, आणि 'दि'वर अडकला. दिवाळीत म्हणायचं होतं त्याला, मला कळलं होतं. मी फोन कानाला तसाच धरून थांबलो.